उबुदच्या बाजारातली ‘प्राचीन’ कला

बाली बेटावरील उबुद गावाच्या मुख्य चौकात एका बाजूला राजवाडा आहे आणि त्याच्या समोर बाजार. राजवाड्याचे नाव पुरी सारेन. (‘पुरी’ हा शब्द आपल्याकडूनच तिकडे गेला. प्रवासात त्याचा अर्थ नगरी असा न राहता राजाचे किंवा सरदाराचे निवासस्थान असा झाला.) बाजाराची इमारत अलीकडेच नव्याने उभारलेली असली तरी जागा जुनी आहे. भल्या पहाटे येथे गावकऱ्यांचा बाजार भरतो: भाजी, मसाले, पूजेची फुले, नारळाच्या कोवळ्या पात्यांची विणलेली नैवेद्याची तबके.

ऊन चढू लागले की पर्यटकांचा बाजार सुरू होतो. बाटिकची वस्त्रे, वेताच्या पिशव्या, लाकडी मुखवटे, पंख पसरलेले गरुड, चांदीची कर्णफुले आणि भिंतभर टांगलेली चित्रे. दुकानदारीण एक आकडा सांगते, गिऱ्हाईक निम्म्यावर येते, मग दोघेही थोडेसे रुसतात आणि मधल्या कुठल्यातरी आकड्यावर व्यवहार ठरतो. तुळशीबागेत वाढलेल्या माणसाला हे निराळे शिकवावे लागत नाही.

आता त्या भिंतीवरच्या चित्रांकडे पाहावे. पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, कापणी करणाऱ्या बायका, कोंबड्यांची झुंज, मंदिराकडे निघालेली मिरवणूक. झाडाचे पान न् पान रेखलेले. आणि खालच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही.

पर्यटकाला सांगितले जाते की ही बालीची हजारो वर्षांची परंपरा आहे. प्रत्यक्षात १९०६ साली अख्ख्या बेटावर अशा रीतीचे चित्र शोधून सापडले नसते. विषय निराळे होते, रंग निराळे होते, चित्राचे काम निराळे होते आणि कोपऱ्यातली सही तर नव्हतीच. ती सही तेथे कशी आली, याविषयी हा धागा आहे.

•

जुन्या चित्रांपासून सुरुवात करू.

बेटाच्या पूर्व भागात क्लुंगकुंग नावाचे राज्य होते. तेथील राजाला ‘देव आगुंग’ म्हणत आणि बालीतील सर्व राजघराण्यांत त्याचा मान पहिला असे. या राजधानीला लागूनच कामासान नावाचे गाव आहे. येथील चित्रकार सुती कापडाला तांदळाच्या पिठाची खळ लावीत, ते वाळवून कवडीने घासून गुळगुळीत करीत आणि त्यावर काजळीच्या शाईने रेषा काढीत. मुख्य रेखाटन घरातला जाणता पुरुष करी, रंग भरण्याचे काम बरेचदा बायकामुलांकडे असे. चित्रांतली माणसे छायानाट्यातल्या बाहुल्यांसारखी दिसतात. अशा चित्रशैलीला ‘वायांग’ म्हणतात ते त्यामुळेच. बारीक लांबट डोळे असले की समजावे सज्जन, बटबटीत डोळे आणि सुळे असले की राक्षस.

विषय आपल्या ओळखीचे. रामायण, महाभारत आणि ‘तांत्री’, म्हणजे आपल्या पंचतंत्राचे तिकडचे रूप. सरोवरातल्या माशांना फसवून खाणारा बगळा आणि त्याचा गळा धरणारा खेकडा ही जोडी बालीतही आहे. फक्त तिथला बगळा पुरोहिताचे सोंग घेऊन येतो. भीम आपल्या आईवडिलांना सोडवायला नरकात जातो, ही आपल्याकडे फारशी ऐकू न येणारी कथा क्लुंगकुंगच्या न्यायमंडपाच्या, ‘कर्ता गोसा’च्या, छतावर रंगवलेली आहे. खाली आरोपी बसे, वर पाप्यांना कढईत उकळणारे यमदूत. योजना उघड आहे.

ही चित्रे मंदिरासाठी आणि राजवाड्यासाठी होत. ‘इदेर-इदेर’ नावाची अरुंद, लांबच लांब चित्रपट्टी उत्सवात देवळाच्या वळचणीभोवती बांधली जाई. उत्सव संपला की गुंडाळून ठेवायची. पावसाने, वाळवीने ती खराब झाली की नवी करायची. ‘कलाकृती’ म्हणून ती भिंतीवर लावावी, असे कोणाच्या डोक्यात येण्याचे कारण नव्हते. चित्रकाराला ‘सांगिंग’, वास्तू बांधणाऱ्याला ‘उंडागी’, धातुकाम करणाऱ्याला ‘पांदे’ असे शब्द होते. ‘कलावंत’ या अर्थाचा सर्वसमावेशक शब्द वापरात नव्हता. जात्यावर बसून ओव्या रचणारी आपल्याकडची बाई स्वतःला कवयित्री म्हणवून घेत नव्हती, तसेच काहीसे.

या व्यवस्थेत चित्रकाराला पोसणारा राजा होता. तो राजा नाहीसा झाला.

•

१९०४ च्या मे महिन्यात ‘स्री कुमाला’ नावाचे एक गलबत सानुरच्या किनाऱ्याजवळ फुटले. मालक चिनी, पण गलबतावर निशाण डचांचे. किनाऱ्याला लागलेल्या गलबतावर किनाऱ्याचा हक्क, अशी बालीतली जुनी वहिवाट होती. गलबत लुटले गेल्याची तक्रार झाली आणि डच सरकारने सानुर ज्याच्या राज्यात होते त्या बादुंगच्या राजाकडे सुमारे साडेसात हजार गिल्डरची भरपाई मागितली. राजाने आपल्या प्रजेने लूट केलीच नाही असे सांगून पैसे द्यायला नकार दिला.

साम्राज्यांना निमित्त पुरते. उत्तर बाली डचांनी १८४९ मध्येच जिंकला होता, दक्षिणेतली राज्ये उरली होती. त्यात १९०३ साली ताबानानच्या राजाच्या अंत्यसंस्कारात दोन विधवा सती गेल्या आणि युरोपात संतापाची लाट उसळली. लॉर्ड बेंटिंकच्या काळातले वाद वाचलेल्यांना पुढची पायरी ओळखीची वाटेल: क्रूर प्रथा खरीच होती, आणि तिचा सैन्य पाठवण्यासाठी झालेला उपयोगही तितकाच खरा होता.

सप्टेंबर १९०६ मध्ये डच फौज सानुरला उतरली. २० सप्टेंबरला ती देनपासारच्या राजवाड्याजवळ पोचली. राजवाड्यातून धूर येत होता आणि आतून नगाऱ्यांचा आवाज. मग दरवाजातून मिरवणूक निघाली. पुढे पालखीत राजा गुस्ती ङुराह मादे आगुंग, मागे पुरोहित, राण्या, सरदार, सेवक, मुले. सर्वांच्या अंगावर पांढरी वस्त्रे आणि घराण्याचे दागिने, हातात क्रिस, म्हणजे नागमोडी पात्याची कट्यार. फौजेपासून शंभरएक पावलांवर पालखी थांबली, राजा उतरला, त्याने खूण केली आणि पुरोहिताने त्याच्या छातीत क्रिस खुपसली. बाकीच्यांनी आपल्यावर आणि एकमेकांवर वार सुरू केले, काही सैन्यावर धावून गेले. डचांनी गोळीबार केला. बायकांनी सैनिकांच्या अंगावर सोन्याची नाणी आणि दागिने फेकले: हेच हवे होते ना, घ्या.

त्याच दिवशी जवळच्या पमचुतान राजवाड्यासमोर हाच प्रकार पुन्हा घडला. दोन्ही ठिकाणी मिळून सुमारे हजार माणसे मेली असावीत, असा एक अंदाज आहे.

याला बाली भाषेत ‘पुपुतान’ म्हणतात. ‘पुपुत’ म्हणजे संपणे, शेवटास जाणे. आपल्याला लगेच जौहर आणि साका आठवतात. साम्य आहे, फरकही आहे. जौहरात बायकांचा शेवट किल्ल्याच्या आत, आगीत. साक्यात पुरुषांचा बाहेर, रणात. पुपुतानमध्ये सगळे एकाच रस्त्यावर, एकाच वेळी, शत्रूच्या डोळ्यांदेखत. बालीत आजही शक कालगणना चालते, आणि तिचा आरंभ इसवी सन ७८ हाच, म्हणजे आपल्या शालिवाहन शकाचाच. शके १८२८ चे ते वर्ष होते.

२८ एप्रिल १९०८ रोजी क्लुंगकुंगच्या देव आगुंगने हाच मार्ग पत्करला. राजवाडा जमीनदोस्त झाला. शिल्लक राहिले ते एक दगडी प्रवेशद्वार आणि कर्ता गोसा. कामासानच्या चित्रकारांचा आश्रयदाता एका सकाळीत संपला.

लुटीचे काय झाले? सोने, शस्त्रे, राजचिन्हे बटाव्हियाला आणि हॉलंडला गेली. १९०६ च्या फौजेबरोबर न्यूवेनकाम्प नावाचा एक डच चित्रकार होता. त्याने जळत्या, उद्ध्वस्त वाड्यांतून जे वाचवता येईल ते गोळा केले. ‘वाचवले’ आणि ‘नेले’ या दोन क्रियापदांत येथे निवड करणे अवघड आहे. हा न्यूवेनकाम्प पुढे पुन्हा भेटणार आहे.

•

जगभर बातम्या पसरल्या आणि डचांची नाचक्की झाली. यापुढे बालीवर राज्य करायचे तर काही निराळे दाखवणे भाग होते.

कालपर्यंत युरोपच्या लेखी बाली म्हणजे गुलामांचा व्यापार करणारे, विधवा जाळणारे, भांडखोर बेट होते. वीस-पंचवीस वर्षांत त्याचे ‘पृथ्वीवरील नंदनवन’ झाले. बेट तेच होते. ग्रेगोर क्राउझे नावाच्या जर्मन डॉक्टरने डच सैन्याच्या नोकरीत असताना बालीत घेतलेली छायाचित्रे १९२० मध्ये पुस्तकरूपाने आली. ओढ्यावर स्नान करणाऱ्या, उघड्या अंगाच्या स्त्रियांची ती छायाचित्रे पाहून युद्धाने थकलेल्या युरोपात बालीचे वेड पसरले. १९२४ पासून डच जहाज कंपनीच्या बोटी नियमित प्रवासी आणू लागल्या. १९२८ मध्ये देनपासारला ‘बाली हॉटेल’ उघडले, आणि तेही जेथे राजाची पालखी थांबली होती त्याच परिसरात. मैदानाच्या कडेला १९३२ मध्ये संग्रहालयही उघडले.

सरकारने एक धोरणही आखले. डच भाषेत त्याला ‘बालीसेरिंग’ म्हणतात. मराठीत ‘बालीकरण’ म्हणता येईल. बालीच्या लोकांना बाली बनवण्याचे धोरण! शाळांतून मुलांना बाली भाषा, बाली नृत्य, बाली शिल्प शिकवायचे. राष्ट्रवाद, इस्लाम आणि साम्यवाद यांचे जावातून येणारे वारे रोखायचे. बेट म्हणजे एक जिवंत संग्रहालय करायचे. संग्रहालयातल्या वस्तू स्वराज्य मागत नाहीत, हा त्यातला सोयीचा भाग.

हे धोरण कोणत्या परंपरेवर लादले जात होते, ते पाहण्यासाठी उत्तर बालीतल्या कुबुतांबाहान गावच्या मंदिरात जावे लागते. तेथे भिंतीवर एक दगडी शिल्प आहे: बाली वेशातला, पण उघडच युरोपियन असा एक मनुष्य सायकल चालवतो आहे. मागचे चाक म्हणजे चक्क उमललेले कमळ. हा सायकलस्वार म्हणजे आपला न्यूवेनकाम्पच, असे मानले जाते. १९०४ मध्ये तो खरोखरच सायकलवरून बेट हिंडला होता. गावच्या पाथरवटाला ही वस्तू गमतीची वाटली, त्याने ती देवळाच्या भिंतीवर घेतली. कुणाची परवानगी मागितली नाही, परंपरा बुडते असेही त्याला वाटले नाही. पुढे १९१७ च्या जानेवारीत मोठा भूकंप झाला, हजारांहून अधिक माणसे दगावली, शेकडो देवळे कोसळली. तेव्हा पुनर्बांधणी ‘शुद्ध’ बाली शैलीत व्हावी यासाठी डच तज्ज्ञ नेमला गेला. सायकल देवळात आणणारा पाथरवट आणि शुद्ध शैलीचा आग्रह धरणारा परदेशी तज्ज्ञ, या दोघांत परंपरेचा खरा वारस कोण, याचे उत्तर फारसे कठीण नाही.

बालीकरणाच्या गोड चित्रामागे करवसुली होती. जमिनीचा कर रोख आणि डच चलनात भरावा लागे. बालीचे नेहमीचे चलन होते ‘केपेंग’, मध्ये भोक असलेले चिनी नाणे. (पूजेच्या सामानात ते आजही लागते, त्यामुळे बाजारात दोऱ्यात ओवलेल्या माळा दिसतात.) त्यातच १९३० नंतर जागतिक मंदी आली. डुकरे, खोबरे, कॉफी यांचे भाव कोसळले, कर मात्र तसाच राहिला. कित्येकांच्या जमिनी गेल्या. अशा वेळी रोख डच पैसा खिशात घेऊन फिरणारा माणूस बेटावर एकच होता: बोटीतून उतरलेला पर्यटक. आणि त्याला आठवण म्हणून न्यायला काहीतरी हवे होते.

बाजाराचा जन्म शोधायचा तर तो येथे आहे.

•

हे सारे उबुदलाच का घडले, देनपासारला किंवा क्लुंगकुंगला का नाही? उत्तर राजकारणात आहे. उबुद ग्यान्यार राज्यात येते. ग्यान्यारने शेजाऱ्यांच्या लढायांना कंटाळून १९०० मध्येच डचांचे संरक्षण स्वीकारले होते. त्यामुळे येथे पुपुतान झाले नाही, वाडे जळले नाहीत, सरदारांची संपत्ती आणि लोकांवरचे वजन शाबूत राहिले. उबुदचे सुकावती घराणे हे त्यांतले चाणाक्ष. या घराण्यातला चोकोर्दा गदे राका सुकावती बटाव्हियाच्या लोकसभेत बसला आणि १९३१ मध्ये पॅरिसच्या वसाहत प्रदर्शनात बालीचे नर्तक-वादक घेऊन गेला.

सुकावतींच्या आश्रयाने वॉल्टर श्पीस उबुदला आला. जन्म मॉस्कोचा, घराणे जर्मन, हाताने चित्रकार आणि संगीतकार. १९२३ मध्ये जावाला आला, जोग्याकर्ताच्या सुलतानाचा पाश्चात्य वाद्यवृंद त्याने सांभाळला आणि १९२७ मध्ये बालीत घर केले. १९२९ मध्ये रुडॉल्फ बोनेट हा डच चित्रकार आला. त्याला बालीची वाट दाखवली ती इटलीत भेटलेल्या न्यूवेनकाम्पने. सायकलवाल्याने पुन्हा एकदा कथेत हजेरी लावली.

या दोघांबरोबर कागद आला, चिनी शाई आणि युरोपीय रंग आले. चित्र आता वळचणीभोवती बांधायचे नव्हते, पर्यटकाच्या पेटीत मावायला हवे होते. देवादिकांच्या बाजूला शेत, बाजार, स्मशानयात्रा दिसू लागल्या. चित्र कोणी काढले हे गिऱ्हाईक विचारू लागले, म्हणून सही आली. लाकडाचेही तसेच. पूर्वी देवळासाठी होणाऱ्या मूर्ती भडक रंगवलेल्या आणि सोनेरी मुलाम्याच्या असत. आता न रंगवलेले, नुसते घासून तुकतुकीत केलेले लाकूड आणि उंच, बारीक, लांबलेल्या आकृती. याबद्दल एक गोष्ट सांगतात. श्पीसने एका कारागिराला लांबलचक ओंडका दिला आणि दोन मूर्ती करायला सांगितल्या. कारागीर परत आला तो एकच अतिशय लांब मूर्ती घेऊन. एवढे सुंदर लाकूड कापवेना, म्हणाला. गोष्ट खरी असेल किंवा नसेलही, पण तिच्यात कल्पना कारागिराची आहे हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कारण पुढे जगभर जी कथा रूढ झाली तिच्यात दोन गोरे चित्रकार येतात आणि झोपलेल्या बालीला जागे करतात. ती अर्धवट आहे. उबुदचा गुस्ती न्योमान लेम्पाद हा श्पीस येण्यापूर्वीच नावाजलेला उंडागी होता. मंदिरे, वाडे, मुखवटे, दहनासाठीचे मनोरे, सर्व त्याच्या हातचे. कागद मिळताच त्याने त्यावर केवळ रेषेतून अशी चित्रे काढली की पार्श्वभूमी रिकामीच राहू दिली. ती रेषा युरोपातून आलेली नव्हती. १९७८ मध्ये तो वारला तेव्हा त्याने शंभरी केव्हाच ओलांडलेली होती. राजे, डच, जपानी आणि प्रजासत्ताक असे सगळे त्याने पाहिले.

बातुआन गावचा पुरावा त्याहून बोलका आहे. १९३६ मध्ये मार्गारेट मीड आणि ग्रेगरी बेटसन हे मानववंशशास्त्रज्ञ बालीत आले. त्यांनी या एका गावातून आठशेहून अधिक चित्रे विकत घेतली. पर्यटकांसाठी काढलेल्या चित्रांत काय असावे? हसऱ्या मुली, भातशेती. बातुआनच्या चित्रांत आहेत चेटकिणी, अंधारे रान, वेष पालटून स्मशानात फिरणारे ‘लेयाक’, जिभा बाहेर काढलेली भुते. कागदाची एक बोटभर जागाही मोकळी नाही, सगळीकडे काळोख दाटलेला. विकायचे म्हणून काढलेल्या कागदावर या पोरसवदा चित्रकारांनी आपल्या गावाची भीती ओतली. नंदनवन पाहायला आलेल्याला हे दिले जात होते.

•

मागणी वाढली तशी घाईघाईची, एकसारखी कामेही वाढली. तेव्हा २९ जानेवारी १९३६ रोजी उबुदमध्ये एक संघटना स्थापन झाली. नाव ‘पिता महा’. मराठी वाचकाला हा शब्द समजावून सांगायला नको: पितामह. चोकोर्दा गदे आगुंग सुकावती, लेम्पाद, श्पीस आणि बोनेट हे तिचे प्रमुख. शंभराहून अधिक चित्रकार, शिल्पी आणि चांदीकाम करणारे तिचे सभासद झाले. सभासद आपली कामे आणत, जाणकार ती पारखत, चांगली निवडत आणि निवडलेली कामे प्रदर्शनांना पाठवली जात; जावात आणि हॉलंडातही. किंमत ठरवण्याची ताकद दारावर आलेल्या व्यापाऱ्याकडून थोडी तरी कारागिराकडे सरकावी, हा हेतू. निवड करणाऱ्यांची आवड सर्वांवर लादली गेली, अशी टीका नंतर झाली आणि तीत तथ्य आहे. बोनेटला आवडणारे सुडौल स्नायू त्या काळच्या कितीतरी चित्रांत भेटतात.

संघटना सहा वर्षे टिकली. श्पीसला १९३८ च्या अखेरीस समलैंगिकतेच्या आरोपावरून अटक झाली. सुटका झाली, पण १९४० मध्ये जर्मनीने हॉलंडवर आक्रमण करताच जर्मन म्हणून तो पुन्हा कैद झाला. जानेवारी १९४२ मध्ये कैद्यांना घेऊन जाणारे ‘फान इमहॉफ’ जहाज सुमात्राजवळ जपानी बॉम्बने बुडाले. डच खलाशी होड्यांतून निघून गेले. जर्मन कैदी, त्यांत श्पीसही, बुडून मेले. जपान्यांनी बाली घेतल्यावर बोनेटही कैदेत गेला आणि ‘पिता महा’ संपली.

स्वातंत्र्यानंतर बोनेट परतला. १९५६ मध्ये सुकावती आणि तो, दोघांच्या पुढाकाराने ‘पुरी लुकिसान’, म्हणजे चित्रांचा वाडा, हे संग्रहालय बाजारापासून हाकेच्या अंतरावर उघडले. बाजारातल्या चित्रांचे मूळ पाहायचे असेल त्याने तेथे जावे. दोन्हींतले अंतर चालत पाच-सात मिनिटांचे आहे, आणि डोळ्यांना मात्र बरेच मोठे वाटते.

•

मधले एक पान बाजारात कोणी सांगत नाही. १९६५ च्या अखेरीस आणि १९६६ च्या आरंभी इंडोनेशियात कम्युनिस्ट किंवा कम्युनिस्टांचे सहानुभूतीदार ठरवून लाखो माणसे मारली गेली. एकट्या बालीत सुमारे ऐंशी हजार माणसे मेली, असा अंदाज अभ्यासक देतात. म्हणजे लोकसंख्येच्या पाच टक्क्यांच्या आसपास. मारणारे बरेचदा शेजारचे, ओळखीचे. डाव्या सांस्कृतिक संघटनेशी संबंध असलेले कलावंतही त्यांत होते. १९६६ मध्येच सानुरला ‘बाली बीच’ हे दहा मजली हॉटेल उघडले, जपानच्या युद्धभरपाईच्या पैशातून बांधलेले. सानुर म्हणजे तोच किनारा, जिथे स्री कुमाला फुटले आणि डच फौज उतरली. तीन वर्षांनी विमानतळ आंतरराष्ट्रीय झाला आणि बोटीने शेकड्यांनी येणारा पर्यटक विमानाने हजारांनी येऊ लागला.

आजचा बाजार त्या विमानांनी वाढवला. उबुदच्या दक्षिणेची गावे एकेका कामात मुरली: मासला लाकूड, चेलुकला चांदी, बातुबुलानला दगड, बातुआनला चित्रे. चेलुकचे चांदीकाम करणारे पांदे वंशाचे. पूर्वी हेच घराणे राजांसाठी आणि मंदिरांसाठी घडवत असे. बाजारातला पुष्कळ माल मात्र आता कुठलाच गाव आपला म्हणणार नाही. एकाच नमुन्यावर डझनांनी रंगवलेली चित्रे, यंत्रावर छापलेले बाटिक, जावातून आलेले लाकूड.

तरीही ‘म्हणजे सगळे बनावटच’ असे म्हणण्याची घाई करू नये. पूर्वेकडच्या तेंगानान गावात बायका अजूनही ‘गेरिंगसिंग’ विणतात. गेरिंग म्हणजे रोग, सिंग म्हणजे नाही. हे वस्त्र रोगराई दूर ठेवते अशी श्रद्धा. ताणा आणि बाणा, दोन्हींचे सूत विणण्यापूर्वीच बांधून रंगवायचे आणि विणताना नक्षी नक्षीवर बसवायची. पाटणच्या पटोळ्याचे हेच तंत्र. एका वस्त्राला वर्षे लागतात. ते उबुदच्या दुकानात खुंटीवर लोंबकळत नाही. आणि कामासानमध्ये चित्रकार आहेतच. राजा गेल्यावरही देवळांना चित्रपट्ट्या लागतच राहिल्या. कर्ता गोसाचे आज दिसणारे छत १९६० मध्ये गावच्याच चित्रकारांनी नव्याने रंगवले. पर्यटकाला दाखवली जाणारी ‘प्राचीन’ चित्रे साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची आहेत, आणि कामासानच्या रीतीने पाहिले तर यात काहीच खटकण्यासारखे नाही. जुने झाले, नवे केले.

•

शेवटी एक यादी.

जुलै २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या सरकारने वसाहतकाळात नेलेल्या ४७८ वस्तू इंडोनेशिया आणि श्रीलंका यांना परत देण्याचा निर्णय जाहीर केला. १० जुलैला लायडनच्या संग्रहालयात इंडोनेशियाशी हस्तांतराचा समारंभ झाला. इंडोनेशियाच्या वाट्याला चार नोंदी होत्या. जावाच्या सिंगसारी राज्यातल्या चार दगडी मूर्ती. लोंबोक बेटावरच्या बाली राजाकडून १८९४ मध्ये लुटलेल्या खजिन्यातल्या ३३५ वस्तू. क्लुंगकुंगची एक क्रिस. आणि बालीतील आधुनिक कलेच्या १३२ कृतींचा एक संग्रह, ज्याचे नाव ‘पिता महा’.

पहिल्या तीन नोंदी वाचताना काही समजावून सांगावे लागत नाही. मूर्ती, सोने, राजाचे शस्त्र. अशा वस्तू परत मागितल्या जातात हे सर्वांना ठाऊक आहे. चौथी नोंद वाचताना थबकायला होते. मंदीच्या काळात कागदावर शाईने काढलेली, लाकडात कोरलेली, परदेशी माणसाला विकता यावीत अशा बेताची ही कामे, क्लुंगकुंगच्या क्रिसच्या शेजारी, एकाच यादीत बसली आहेत.

क्रिस कोणा पांदेने घडवली, ते तिच्यावर लिहिलेले नसते. चित्रांच्या खालच्या कोपऱ्यात नाव आहे, आणि पुष्कळदा त्याखाली गावाचेही: उबुद, बातुआन, मास.